आधी तो फ्लेक्स उतरवा

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरीजवळच्या एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आमच्या कोल्ड स्टोरेजमधल्या एका सहकाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झालाय. परळला उपचार चालू आहेत. फेब्रुवारीत शहरात दहा किलोमीटरची दौड आहे. तिच्यात 'लहान मुलांच्या कॅन्सरसाठी' म्हणून आमची बावीस जणांची टीम उतरवायचं ठरलं. त्याला सरप्राइज द्यावं म्हणून त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून मुलाचा फोटो घेतला, टी-शर्टांवर छापायला दिला आणि गेटवर आठ बाय चारचा फ्लेक्स लावला. दौड संपली की मुलाला स्टेजवर बोलवून चेक द्यायचा, असा बेत होता. पैशांसाठी प्रत्येकाच्या पगारातून पाचशे रुपये कापायला एचआरनेही होकार दिला.

सोमवारी तो मुंबईहून परत आला. फ्लेक्ससमोर थांबला, आत आला आणि शिफ्ट सुटेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलला नाही. रात्री ग्रुपमधून बाहेर पडला. नंतर कळलं की घरी मुलाला 'कॅन्सर' हा शब्दच सांगितलेला नव्हता. शाळेतल्या कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाहून त्याला विचारलं. आता टीममध्ये दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, एवढं केलं तर हा तोंड फिरवतो. कोळंबी सोलणाऱ्या बायका पाचशे रुपयांवरून कुरकुरतायत. एक जण तर म्हणाला, धावून कुठे कॅन्सर बरा होतो का? आणि कुजबुजही चालू आहे, की एवढ्याशा मुलाला असं होतं म्हणजे घरात काहीतरी असणारच. मला रात्री झोप लागत नाही. आमचं काय चुकलं? दौड रद्द करू का?

— एक सुपरवायझर, रत्नागिरी


दादा,

दौड रद्द करू नका. पण हे वाचून संपायच्या आत कुणाला तरी सांगून गेटवरचा फ्लेक्स उतरवून घ्या आणि छापखान्यात फोन करून टी-शर्टांचं काम थांबवा. बाकीचं सावकाश बोलता येईल. ही दोन कामं थांबणारी नाहीत.

तुमच्या मनात खोट नव्हती हे पत्रात दिसतंय. खोट असती तर तुमची झोप उडाली नसती. पण त्या फ्लेक्सचा जरा विचार करा. आपल्याकडे साध्या माणसाचा चेहरा एवढा मोठा होऊन रस्त्यावर कधी लागतो? वाढदिवसाला, दहावी-बारावीला मार्क चांगले पडले तर, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला. बाप रात्रीच्या गाडीने उतरून, न झोपता, थेट कामावर येतो आणि गेटवर त्याला आपल्या पोराचा हसरा चेहरा माणसाच्या उंचीचा होऊन टांगलेला दिसतो. मजकूर नंतर वाचला जातो, आधी दिसतो तो चेहराच. त्या दोन क्षणांत त्याच्या काळजाचं काय झालं असेल, हे मला तुम्हाला सांगायला नको.

शिवाय तो फोटो त्याने स्टेटसला ठेवला होता तो आपल्या माणसांसाठी. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. फ्लेक्स पावसाळा येईपर्यंत उभा राहतो आणि त्याचे फोटो त्यानंतरही फिरत राहतात.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला सात वर्षांचा असताना हाच आजार झाला होता. आज तो पंचविशीत आहे, नोकरी करतो. हे लिहू का म्हणून कालच त्याला फोन केला. "लिही, पण गावाचं नाव नको," म्हणाला. म्हणून एवढंच सांगते की गाव सिंधुदुर्गातलं.

पहिल्या काही महिन्यांचे उपचार आटपून तो भाद्रपदात घरी आला होता. गावातल्या एका मंडळाने वर्गणीतून त्याच्यासाठी एकवीस हजार बाजूला काढले होते आणि आरतीनंतर त्याला स्टेजवर बोलावलं. माइकवरून त्याच्या नावाच्या आधी 'कॅन्सरग्रस्त' असा शब्द लागला. भाद्रपदातल्या त्या उकाड्यात पोराने लोकरीची कानटोपी घातली होती. एका काकांना त्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवायचा होता, म्हणून त्यांनी ती काढली. अख्ख्या मंडपासमोर. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तसाच उभा राहिला. पाकीट घ्यायलाही हात खाली आणले नाहीत. शेवटी ते माझ्या बहिणीने घेतलं. त्या काकांचे डोळे भरून आले होते, मी पुढच्याच रांगेत होते, मला दिसत होतं. पैसे खरे होते आणि ते लागलेही. पण रात्री अंथरुणावर तो मला म्हणाला, "मावशी गे, माका परत थंय नेव नको." पुढे दोन-तीन वर्षं शाळेच्या वाटेवर तो 'कॅन्सरवालो' होता. आजार आटोक्यात आला, ते नाव मात्र चिकटून राहिलं.

त्याच गावात, त्याच काळात, शेजारच्या काकींनी माझ्या बहिणीची धाकटी मुलगी पाच महिने आपल्या घरी ठेवून घेतली. रोज सकाळी दोन वेण्या, लाल रिबिनी, डब्यात घावणे. बहीण परळहून फोन करायची तेव्हा काकी आधी सांगायच्या की आज पोरीने दूध प्यायलं, आज पाढे म्हटले. भाच्याला विचारलं की त्या वर्षातलं कुणाचं काय आठवतं, तर तो आधी काकींचं नाव घेतो. त्या त्याच्यासाठी थेट काही करत नव्हत्या, तरीही.

आता मुलाला कळलं त्याबद्दल. त्याला काय सांगायचं, किती सांगायचं, हा आईबापांचा निर्णय होता आणि तो त्यांच्या हातून निसटला. ते तुम्हाला परत करता येणार नाही. मात्र एक गोष्ट मी भाच्याकडून शिकले. मुलांना बरंच आधी समजलेलं असतं. घरात सगळे हळू आवाजात का बोलतात, आई मोरीत जाऊन का रडते, केस का गेले, हे ती न्याहाळत असतात. आपल्याला काय झालंय हे साध्या शब्दांत कळलं तर बहुतेक मुलांची भीती कमी होते. मोठ्या रुग्णालयांच्या बालकर्करोग विभागात यासाठी समुपदेशक असतात. तुमच्या सहकाऱ्याने पुढच्या खेपेला त्यांच्याशी बोलावं. पण ही गोष्ट तुम्ही त्याला 'सांगायला' जाऊ नका. त्याने विषय काढला तरच, तेवढीच.

कुजबुजीचं मात्र तुम्हीच बघा, सुपरवायझर तुम्ही आहात. मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला आजही सापडलेलं नाही. थोड्या प्रमाणात आनुवंशिक दोष असतो, बाकी पेशींच्या वाढीत कुठेतरी चूक होते. मोठ्यांच्या कॅन्सरमागे तंबाखू असते तसं इथे बोट ठेवण्यासारखं काही नाही. तो डब्यातून, ताटातून, श्वासातून लागत नाही. आईच्या खाण्यापिण्याने होत नाही. कुणाच्या बाधेने नाही, कुणाच्या पापाने नाही. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घरच्यांनी जरूर घालावं, मीही घातलं होतं. पण कारखान्यात कुणी 'घरात काहीतरी असणारच' म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. आजारी मुलाच्या आईला कसली जास्त भीती वाटते विचाराल, तर आपलंच काही चुकलं का, या प्रश्नाची. तो प्रश्न लोकांनी तिच्या दारात नेऊन टाकू नये.

त्याच्याशी बोलायचं कसं? बावीस जणांनी नाही. तुम्ही एकट्याने, आणि कारखान्यात नाही. त्याच्या घरी जाऊ नका, तिथे मूल आहे, बायको आहे, त्यांना पाहुणचार करावा लागेल. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहा घ्या, नाहीतर भाट्याच्या पुलापर्यंत त्याच्यासोबत चालत जा. असं काहीसं म्हणा: "तुला न विचारता तुझ्या मुलाचा फोटो लावला, ती माझी चूक. फ्लेक्स उतरवलाय, टी-शर्ट थांबवलेत, ग्रुपमधला फोटो काढायला लावलाय. त्याला स्टेजवर बोलावणार नाही. दौड आम्ही करू, पण सगळ्या मुलांसाठी, त्याच्या नावाने नाही. आणि तुला कशाची गरज आहे ते तूच सांग, आज नाही सुचलं तर नंतर." आणि मग गप्प बसा. 'आम्ही चांगल्यासाठीच केलं रे' हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळा. ते खरं आहे, पण ते म्हटलं की तुमची समजूत काढायची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते, आणि त्याच्याकडे आता तेवढं बळ शिल्लक नाही.

स्टेजबद्दल आणखी एक गोष्ट, जी तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नसेल. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली जातात आणि मुलाची रोगाशी लढायची ताकद उरत नाही. म्हणून त्या दिवसांत डॉक्टर गर्दी टाळायला सांगतात. हजारभर लोकांच्या घोळक्यात, खोकणाऱ्या, हात मिळवणाऱ्या, गालगुच्चे घेणाऱ्या माणसांत त्या मुलाला आणणं त्याच्या जिवाला धोक्याचं ठरू शकलं असतं.

याच कारणाने अशा मुलाचा ताप हा साधा ताप नसतो. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये सगळ्यांत जास्त आढळतो तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टर त्याला एएलएल म्हणतात. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले महिने फार जड असतात. पुढे बराच काळ घरी गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी तपासणी. त्या घरच्या काळात रात्री दोन वाजता अंग तापलं तर तापाची गोळी देऊन उजाडायची वाट बघायची नसते, लगेच दवाखाना गाठायचा असतो. आता सांगा, तुमच्या सहकाऱ्याच्या वाडीतून रात्री दोनला गाडी कुणाची? तुम्ही बावीस जण आहात. त्यातल्या चार-पाच जणांकडे तरी गाडी असेल. कागद घ्या, महिन्याच्या तारखा लिहा, प्रत्येक रात्रीपुढे एक नाव आणि फोन नंबर लिहा, आणि तो कागद त्याला द्या. माझ्या बहिणीने अशा एका रात्री पाऊण तास रस्त्यावर उभं राहून हात दाखवला होता. त्या पाऊण तासाबद्दल ती आजही बोलू शकत नाही.

दुसरी गोष्ट रजा. आठ दिवस इथे, चार दिवस परळला, असं दोन वर्षं करणाऱ्या माणसाची रजा कधीच संपते आणि मग बिनपगारी सुरू होते. एचआरने पगारातून पाचशे कापायला होकार दिला ना? त्यांनाच विचारा की त्याच्या शिफ्टची अदलाबदल कागदावर मांडून मिळेल का, तपासणीच्या तारखा आधीच रोस्टरमध्ये धरता येतील का. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर कार्डावर मुलाचं नाव आहे ना, हेही बघायला सांगा. ईएसआयमध्ये कुटुंबालाही उपचार मिळतात आणि नाव चढवलेलं नाही म्हणून अडलेली माणसं मी पाहिली आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला भेटायचं. टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, अर्ज आणि कागदपत्रांची वाट तिथून सापडते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला हे माहीत असेलही. नसेल तर एका महिन्याचा गाडीखर्च वाचला.

राहण्याचं तर विचारूच नका. ज्यांनी परळला रुग्णालयाच्या बाहेर फूटपाथवर पथाऱ्या बघितल्यात त्यांना ठाऊक आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदन इमारत आहे. 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था २००६ पासून कॅन्सरच्या मुलांना आईबापांसह, उपचार चालू असेपर्यंत, मोफत राहायला जागा देते. तुमच्या दौडीचे पैसे कुठे द्यावेत असा प्रश्न पडला असेल तर माझं मन अशा ठिकाणांकडे झुकतं. कारण औषध असून, डॉक्टर असून मुलं मध्येच उपचार सोडतात ती राहायला जागा नाही म्हणून, बापाची मजुरी बुडते म्हणून, घरी दुसरं मूल एकटं आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोरवयीन कॅन्सरने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. आजार तोच. मध्ये जे अंतर आहे त्यात उशिरा निदान आहे आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार आहेत. २०१८ मध्ये या संघटनेने २०३०पर्यंत जगातली निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं ध्येय ठेवलं ते यासाठीच.

आता पाचशे रुपये. ते कापणं बंद करा. कोळंबी सोलणाऱ्या बाईची दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून मिळणारी कमाई त्याच्याच आसपास असते. तिने कुरकुर केली तर ती निर्दय ठरत नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांखेरीज कामगाराच्या पगारातून पैसे कापताही येत नाहीत. ज्याला द्यायचे तो देईल, पेटीत टाकेल, कुणी किती टाकले याची यादी नको. आणि त्या बायकांना टीममध्ये घ्या. पाच किलोमीटर चालायचा गट असेल तर त्यात त्यांचं नाव घाला. बंदरावर डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या बाया त्या, तुमच्यातल्या कित्येकांच्या आधी पोहोचतील.

बाहेरून देणगी जमवणार असाल तर एक नियम माहीत असू द्या. नोंदणीकृत न्यास नसलेल्या माणसांनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे झाले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सीप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला आधी कळवावं लागतं. गणपती मंडळं वर्गणीसाठी परवानगी काढतात, तेच हे. सोपा मार्ग म्हणजे स्वतः पैसे न जमवता लोकांनी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात टाकावेत आणि पावती घ्यावी. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन चालत नाही. कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी कायद्याने ठेवायच्या निधीतून, काही देणार असेल तर ते पैसे तुमच्या सहकाऱ्याच्या घरी देता येणार नाहीत, कारण कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्याला द्यायचे ते तुम्ही मित्र म्हणून, वेगळे, त्याच्या खात्यात, चेकच्या मोठ्या पुठ्ठ्याशिवाय द्या.

टी-शर्ट आणि स्टेजचा खर्चही जमलेल्या पैशांतून जाणार असेल तर तो कमी करा. मागच्या वर्षीचे जुने टी-शर्ट असतील ना कपाटात? तेच घाला.

'धावून कॅन्सर बरा होतो का' असं विचारणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला टेरी फॉक्सची गोष्ट सांगा. कॅनडाचा तरुण. हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. रुग्णालयात त्याने शेजारच्या खाटांवर लहान मुलं बघितली आणि ती त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पाय लावून तो देशाच्या एका टोकाकडून धावायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा एवढंच मागणं होतं. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर कॅन्सर फुप्फुसांत पोहोचल्याने त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला, पण तो हयात असतानाच त्याने मागितलेली रक्कम जमली होती. त्याच्या नावाने आजही जगभर लोक धावतात. तर धावल्याने असंही होतं. पण टेरी एकवीस वर्षांचा होता. चेहरा त्याचा, पाय त्याचा, आणि जगाला दाखवायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं. तुमच्या सहकाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला हे कुणी विचारलं नव्हतं. उद्या मोठा होऊन त्याला स्वतःची गोष्ट सांगावीशी वाटली तर तो सांगेल.

मग टी-शर्टावर फोटोऐवजी काय? पुढे सोनेरी फीत काढा, मुलांच्या कॅन्सरची ती जगभरची खूण आहे. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन, तुमची दौड त्याच महिन्यात आहे. आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत, मागून धावणाऱ्याला वाचता येईल असं, हे छापा: बरेच दिवस न हटणारा ताप. अंग पांढरंफटक पडणं. मार न लागता काळेनिळे डाग. हाडं दुखतात म्हणून मूल लंगडणं. मानेत, काखेत, पोटात गाठ. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखून उलटी. खाली लिहा: डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. जुन्या टी-शर्टावर हे सगळं कापडी पट्टीवर छापून शिवून घेता येतं.

बहुतेक वेळा यातून काहीच गंभीर निघणार नाही, हेही लोकांना सांगा, उगाच घाबरवू नका. पण आपल्याकडे काय होतं बघा. पावसाळ्यात पोराला ताप आला की लेप्टो, डेंग्यू, मलेरिया. त्यांच्या गोळ्यांत पंधरा दिवस जातात. मग कुणी सांगतं अंगात रक्त कमी आहे, बीट द्या, खजूर द्या. त्यात महिना जातो. माझ्या भाच्याच्या बाबतीत पिंडरीवरचे डाग आम्ही आंब्याच्या झाडावरून उतरताना लागलं असेल म्हणून सोडून दिले होते. सीबीसी ही साधी रक्ताची तपासणी, ती तीन आठवडे आधी झाली असती. दौडीच्या रस्त्यावर कडेला उभ्या असलेल्या एखाद्या आईने तुमच्या पाठीवरचं वाचलं आणि घरी जाऊन पोराची पिंडरी बघितली, तर पोराचे तीन आठवडे वाचतील.

धावण्याच्या तयारीचं मला तुमच्याइतकं कळत नाही, म्हणून थोडक्यात. रात्रपाळी करून आलेल्यांनी त्याच सकाळी सराव करू नये. रक्तदाब-साखर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. फेब्रुवारीत पहाट गार असते पण आपल्या किनाऱ्यावर घाम सुकत नाही, मीठ घातलेलं कोकम सरबत जवळ ठेवा. आणि दौड झाल्यावर आठवडाभराने, थकवा गेला की, टीमने जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत जाऊन रक्तदान करावं. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. सगळे एकाच दिवशी जाऊ नका, पाच-पाच जणांचे गट पाडा. प्लेटलेट्स तर रक्तपेढीत पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत आणि केमो चालू असलेल्या मुलांना त्या वारंवार लागतात. परळच्या खेपेला त्याच्यासोबत तुमच्यातला एखादा धडधाकट माणूस जाऊ शकला तर प्लेटलेट्स द्यायला रक्ताच्या नात्याची गरज नसते.

'एवढं केलं तर तोंड फिरवतो' म्हणणाऱ्यांवर रागावू नका, त्यांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनाही दुखलंय. मनापासून केलेलं नको झालं की माणूस आधी दुखावतो आणि मग चिडतो. त्यांना काम द्या. गाडीच्या यादीत पहिलं नाव त्यांचं घाला.

तो तुमच्याशी कदाचित लगेच बोलणार नाही. चहा घेईल, मान हलवेल, "बघू" म्हणेल. "बघू" म्हणाला तर तेवढंच ऐका, ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई करू नका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू नका. त्याची पुढची तपासणी कधी आहे तेवढं मात्र त्या चहाच्या वेळीच विचारून घ्या, आणि त्या दिवशीची त्याची शिफ्ट कोण घेणार हे या शनिवारच्या आत ठरवून त्याला कळवा.

— ताई